थोरल्या साहेबांची खुर्ची

वजनकाट्यांच्या त्या कंपनीतले धाकटे साहेब म्हणजे सत्तरी ओलांडलेले, पांढऱ्याशुभ्र केसांचे, गुडघे धरून जिना चढणारे गृहस्थ. तरी धाकटेच! कारण थोरले साहेब एकच: त्यांचे आजोबा, कंपनीचे संस्थापक. ते जाऊन जमाना झाला, पण बैठकीच्या खोलीत टेबलाच्या टोकाला त्यांची लाकडी खुर्ची अजून होती. तिच्यावर कुणी बसायचं नाही. आणि नवा काही निर्णय घ्यायचा झाला, की सगळ्यांनी तिच्याकडे बघत मिनिटभर गप्प राहायचं, अशी रीत. आता खुर्ची काय बोलणार, कपाळ! ती गप्प राहिली की लोक समजायचे, थोरल्यांना पसंत नाही. चांगले चांगले बेत त्या खोलीत असेच मेले.

इतिहासबाईला आधी याची गंमत वाटायची. हे नाव तिला कंपनीतल्याच लोकांनी ठेवलेलं. ती पीएचडीसाठी कंपनीचा इतिहास लिहीत होती. जुने कागद बघायला धाकट्या साहेबांनी मोकळीक दिली होती, पण एका अटीवर. प्रबंध आधी त्यांनी वाचायचा आणि मगच सही द्यायची. सही नाही, तर कंपनीचा चिटोराही वापरायचा नाही. म्हणजे सगळ्या वर्षांची मेहनत पाण्यात.

आणि नेमकं तिच्या हाती भलतंच घबाड लागलं. थोरले साहेब जन्मात एकदाही चुकले नाहीत, हे कंपनीत शिपायापासून सगळ्यांना पाठ. बाईनेही ते खरं मानलं होतं. पण एकदा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळताना तिला लिलावाची जाहिरात दिसली. थोरल्यांच्या छत्र्यांच्या कारखान्यातली यंत्रं विकणे आहेत. छत्र्या? ती आणखी मागे गेली, तर त्याआधी साबण! साबणाचा धंदा बसला, छत्र्यांनी मान टाकली, आणि मग कुठे वजनकाटे तगले. कंपनीने आपला जन्म तिसऱ्या धंद्यापासून मोजला होता आणि आधीची दोन पोरं खुशाल विसरून गेली होती.

“ते प्रकरण काढून टाक,” तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. “आधी पदवी पदरात पाडून घे, मग काय बोंबलायचं ते बोंबल.”

आईने फोनवर वेगळंच सांगितलं. “खोटं लिहू नकोस. पण खरं लिहिताना जरा गोड लिही गं बाई.”

बाईने प्रकरण ठेवलं. गोडही फारसं केलं नाही. ते काढल्यावर उरतंय काय, पुतळ्याला घातलेला हार! पण प्रबंध साहेबांकडे पाठवला त्या दिवसापासून ती फोन वाजला की दचकायची. शेवटी बोलावणं आलं.

साहेब बैठकीच्या खोलीत एकटेच होते, कडेच्या खुर्चीवर. समोर प्रबंध, नको तिथेच उघडलेला.

“हे साबणाचं खरं आहे?”

“हो, साहेब.” तिने जाहिरातींच्या प्रती पुढे सरकवल्या.

त्यांनी चष्मा लावून सगळ्या वाचल्या. “छत्र्यासुद्धा?”

“छत्र्यासुद्धा.”

साहेबांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. अरे देवा, म्हाताऱ्याला काही होतंय की काय! बाई पाण्याला धावली, आणि तिच्या लक्षात आलं की साहेब हसताहेत. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसताहेत.

“वाटोळं केलं की हो आजोबांनी!” ते म्हणाले. “एकदा नाही, दोनदा!”

मग ते बोलत सुटले. ऐन तिशीत त्यांनी खेळण्यांचा कारखाना काढला होता. तो बुडाला. वडिलांनी त्यांना याच खोलीत, याच खुर्चीसमोर उभं केलं आणि सांगितलं, ‘थोरल्यांनी असं केलं नसतं.’

“त्या दिवसापासून मी स्वतःच्या डोक्याने एक खिळासुद्धा बदलला नाही, बाई. मला वाटायचं, या घराण्यात नालायक निपजलो तो मीच एकटा. बाबांनाही हे ठाऊक नसणार. तेही बिचारे या खुर्चीला भीतभीतच गेले.”

बाईला त्यांची इतकी कणव आली की सहीचा विसरच पडला. साहेबांना मात्र पडला नव्हता. त्यांनी प्रबंध उचलला, टेबलाच्या टोकाशी गेले, खुर्चीकडे क्षणभर बघितलं आणि बसले.

खुर्ची खाडकन एका बाजूला कलली.

“आई गं!” साहेबांनी टेबल धरलं. “अहो, हिचा एक पाय आखूड आहे! वजनकाट्यांची कंपनी आपली, आणि मालकाची खुर्ची ही अशी!”

“इतक्या वर्षांत कुणी बसलंच नाही, साहेब,” बाई म्हणाली. “कळणार कसं?”

डुगडुगतच त्यांनी सही ठोकली.

बाई खाली आली, पायरीवर मटकन बसली आणि आईला फोन लावला. तोंडातून शब्द फुटायच्या आत रडू फुटलं.

“नाही ना केली सही?” आई घाबरली.

“केली गं! वाकडी आलीय, पण केली!”

वरच्या खिडकीतून साहेबांची हाक आली, “अरे, कुणीतरी सुताराला बोलवा!” शिपाई लगेच धावला. मिनिटभर गप्प राहायचं या वेळी कुणालाच सुचलं नाही.