धारगळच्या गुरुदासची स्टेपनी

मित्रांनो, धारगळला हमरस्त्यालगत गुरुदास ड्रायव्हरचे घर आहे. त्याच्या मागच्या अंगणात माडाच्या मुळाशी एक काळे चाक पडलेले दिसेल. ती मी. मी एक जुनी स्टेपनी आहे. स्टेपनी म्हणजे गाडीच्या डिकीत ठेवलेले जादा चाक. चार चाके रस्त्यावर मिरवतात आणि पाचवी मी अंधारात पडून राहते. माझी कोणाला आठवण नसली की समजावे, प्रवास सुखाचा चालला आहे. आठवण होते ती खोळंबा झाल्यावर, आणि तेव्हा मात्र सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. गंधकाचा वास आणि अंगाची लाही करणारी वाफ एवढेच ध्यानात आहे. पुढे म्हापशाच्या एका दुकानात मी दोरीला टांगलेली होते. गुरुदासने जुनी ॲम्बॅसेडर टॅक्सी घेतली तेव्हा त्याने आम्हा पाच बहिणींना एकदमच विकत घेतले. दुकानदाराने चौघींना गाडीला बसवले आणि मला उचलून डिकीत टाकले. मी चांगली आठवडाभर रुसून होते. पण डिकीत रुसून कोणाला कळणार?

माझा दिवस आला तो सर्वणच्या वाटेवर. एका लग्नाचे वऱ्हाड घेऊन आम्ही डिचोलीकडून निघालो होतो, आणि मुहूर्ताला अर्धा तास असताना डावे पुढचे चाक बसले. नवरीचा बाप घामाघूम झाला. गुरुदासने मला खाली उतरवले, जॅक लावला आणि दहा मिनिटांत मी धावू लागले. मुहूर्त साधला. मांडवाच्या दारात त्या बापाने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरी राखल्या रे तुवें स्टेपनी. हिणें आज लाज राखली." मित्रांनो, मी खरे सांगते, त्यानंतर मी कधी रुसले नाही. डिकीत पडून वाट बघणे हेही काम आहे, हे मला कळले.

गुरुदासही तेव्हा तसाच होता. दर रविवारी पेट्रोलपंपावर चार चाकांत हवा भरून झाली की तो डिकी उघडून मला अंगठ्याने दाबून बघायचा. बाकीचे ड्रायव्हर त्याची थट्टा करायचे की हा स्टेपनीला बायकोपेक्षा जास्त जपतो. त्याची बायको कमलाक्षीही हसून म्हणायची की बोलतात त्यात खोटे काही नाही.

मग आमच्या गाडीत रघुनाथ आला. तो सिंधुदुर्गातला, बांद्याच्या अलीकडच्या एका वाडीतला. डिचोलीकडच्या खाणीवर ट्रक चालवायचा आणि दर शनिवारी आमच्या टॅक्सीतून घरी जायचा. माणूस वाईट नव्हता. बोलका होता, घरची आठवण काढणारा होता. त्याची आई पार्वती सांधेदुखीने बेजार होती म्हणून तो सीटखाली काजूच्या फेणीची एक बाटली न्यायचा, तिच्या गुडघ्यांना चोळायला. हद्दीवरच्या नाक्यावर कोणी एका बाटलीला हटकत नसे. मग शेजाऱ्याच्या आईचे गुडघेही दुखू लागले. पाहता पाहता सगळ्या वाडीचे गुडघे दुखू लागले.

त्याचे कारण साधे होते. गोव्यात दारू स्वस्त आणि पत्रादेवीचा नाका ओलांडला की महाग. म्हातारी माणसे अजून त्या नाक्याला देशाची हद्द म्हणत, कारण पोर्तुगीज असताना ती तशी होतीच. पोर्तुगीज गेले, पण दारूपुरती हद्द राहिली. खाणीवरचे काम कमी झाले आणि रघुनाथ घरी बसला, तेव्हा तो एके दिवशी गुरुदासला म्हणाला, "तुझ्या डिकीतला ता चाक फुकट बसून रवता मरे. तेका कायतरी काम दी."

ते काम म्हणजे काय, ते मला डिचोलीच्या सगुणच्या दुकानात कळले. सगुण पंक्चर काढणारा. गुरुदासने त्याला सांगितले की हिच्या ट्यूबची हवा भरायची नळी कापून टाक, तिथे जाड रबरी तोंड बसव आणि वर बूच. त्या तोंडातून माझ्या पोटात पंचवीसेक लिटर दारू मावणार होती. सगुणने पाना खाली ठेवला.

"हें वाऱ्याचें आयदन, गुरुदास. सोरो भरपाचें न्हय," तो म्हणाला. "मागीर हातूंत वारो रावचो ना. वाटेर पंचर जालो जाल्यार कितें करशी?"

"वाट ती केदी?" गुरुदास म्हणाला. "आनी गाडयो कितल्योशोच आसात वाटेर."

सगुणने मान हलवली आणि कात्री घेतली. मित्रांनो, ती नळी म्हणजे आम्हा चाकांचा श्वास. ती कापली गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते.

त्यानंतर माझी नाक्यावरून ये-जा सुरू झाली. हवालदार डिकी उघडत, पिशव्या हुंगत, गादी उलटी करत. एकाने तर माझ्याच रिमवर पाय ठेवून विडी पेटवली. स्टेपनीवर संशय कोण घेणार? फाटक वर गेले की गुरुदास शीळ घालायचा. पलीकडे रघुनाथच्या गोठ्यात मला रिकामी करत आणि परत डिकीत टाकत. रविवारचे ते अंगठ्याने दाबणे मात्र बंद झाले. दाबून बघायचे काय होते?

आता मी त्या दिवसाचे सांगते. सांगावेसे वाटत नाही, पण त्यासाठीच तर तुम्हाला थांबवले आहे.

शहाऐंशी सालचा शेवट होता. गोव्याची राजभाषा कोणती असावी, यावरून वातावरण तापले होते. त्या दिवशी बंद होता. ठिकठिकाणी रस्त्यावर दगड, फळ्या, तोडलेली झाडे. नाक्यावरचे अर्धे पोलीस बंदोबस्ताला गेलेले, म्हणून गुरुदासने नेमका तोच दिवस निवडला. मला तोंडापर्यंत भरले आणि आडवाटा काढत तो सकाळी दहाला रघुनाथच्या दारात पोचला.

रघुनाथ धावतच आला. त्याची बायको सुशीला बाळंतपणाला अडली होती. पहिले मूल लग्नानंतर पाच वर्षांनी होत होते. "सकाळपासना अडली हा," तो म्हणाला. "सुईण म्हणता पोर आडवा आसा, ऑपरेशन करूक लागतला. म्हापशाक नेवक व्हया."

गुरुदास हळूच म्हणाला, "डिकी भरलेली आसा रे."

"रवांदे ती. उतरूक येळ नाय."

सुशीलाला मागच्या सीटवर निजवले. पार्वतीने तिचे डोके मांडीवर घेतले. रघुनाथ पुढे बसला. डिकीतून मला दिसत काही नाही, पण सीटपलीकडचे सगळे ऐकू येते. सुशीला ओरडत नव्हती. दात आवळून कण्हत होती. नाक्यावरच्या हवालदाराने आत डोकावून पाहिले आणि काही न विचारता फाटक वर केले. "सांबाळून व्हर," तो म्हणाला.

मालपेच्या उतरणीवर कोणीतरी रस्त्यावर फळ्या टाकलेल्या होत्या. गुरुदासने कडेने गाडी काढली. फळीतला लांब खिळा मागच्या चाकात गेला आणि गाडी एका अंगाने बसली.

"गाडी कित्याक थांबली रे?" पार्वतीने विचारले.

"पंचर झाली, मावशे."

गुरुदास खाली उतरला, रघुनाथही उतरला. डिकी उघडली. दोघे माझ्याकडे बघत उभे राहिले आणि कोणीच हात लावीना. सर्वणच्या वाटेवर त्याने मला कसे उचलले होते ते मला आठवले. मी तीच होते. माझे रबर धड होते, रिम सरळ होती. एक श्वास तेवढा नव्हता.

आतून पार्वती म्हणाली, "मगे ता डिकीतला चाक घाल मां. आसा मां तुझ्याकडे?"

रघुनाथने मान खाली घातली. गुरुदास माझ्याकडे बघतच बोलला. "आसा, मावशे. पण ता फुटका आसा."

मित्रांनो, मी फुटकी नव्हते. माझ्या आयुष्यात मला पुष्कळ अपमान सोसावे लागले, पण हा एक मला अजून सहन होत नाही. आणि तरी त्या क्षणी मी फुटकी असते तर किती बरे झाले असते, असेही मला वाटले. फुटक्या चाकाचा निदान कोणाला दोष लागत नाही.

दोघे रस्त्याच्या मधोमध उभे राहून वाट बघू लागले. रस्त्यावर गाडी सोडा, सायकलसुद्धा नव्हती. गुरुदासने बसलेल्या चाकावरच गाडी रेटून पाहिली, पण प्रत्येक हिसक्याला सुशीलाच्या तोंडून असा आवाज निघे की पार्वतीनेच थांब म्हटले. मग रघुनाथ शेतात धावला. मळणी झालेली होती, गवताच्या गंज्या उभ्या होत्या. त्याने भारेच्या भारे आणले. गुरुदासने टायर पहारीने उचकटून आतली ट्यूब काढली आणि त्यात गवत ठासून भरू लागला. त्याची बोटे सोलली. मधेच सुशीलाचा बारीक आवाज आला.

"भावजीनू, तुमची गादी खराब झाली ओ."

"आसांदे ती गादी, वैनी," गुरुदास म्हणाला, आणि तिथेच रस्त्यावर बसून रडला. मग उठून परत गवत ठासू लागला.

यात सव्वा तास गेला. गवताच्या चाकावर गाडी माणसाच्या चालीने चालली. वाटेतली सगळी दुकाने बंद होती. म्हापशाला पोचेपर्यंत दुपार कलली होती. डॉक्टरांनी मूल वाचवले, मुलगी झाली. सुशीलाचे रक्त मात्र थांबले नाही आणि दिवेलागणीला ती गेली.

इस्पितळाच्या आवारात रघुनाथ गाडीमागे आला. बंद डिकीवर हात ठेवून तो उभा राहिला. मग गुरुदासला म्हणाला, "आयेक सांगू नको." गुरुदासने होकार दिला. एवढेच बोलणे झाले, आणि त्यानंतर ते दोघे एकमेकांशी धड कधी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुरुदासने मला मागच्या अंगणात आणून बूच काढले. फेणी केळीच्या आळ्यात वाहून गेली. वास घरभर झाला. कमलाक्षी दारात आली, तिने पाहिले आणि ती आत गेली. पुढच्या वर्षी गोवा राज्य झाले, धारगळला फटाके वाजले. गुरुदास घराबाहेर पडला नाही. त्याच्या डिकीत आता दुसरी स्टेपनी आहे. रोज सकाळी तो तिला अंगठ्याने दाबतो, गाडी काढताना परत एकदा दाबतो, आणि कधी कधी अर्ध्या वाटेत गाडीतल्या उतारूंना थांबवून परत बघतो.

पार्वती दरवर्षी चतुर्थीनंतर येते. पिशवीत नारळ, आमसुले आणि हाताला धरून नात, अंकिता. आता ती सात वर्षांची आहे. गेल्या खेपेला पोर धावत येऊन माझ्यावरच बसली. पार्वती तिला म्हणाली, "ऊठ गो. काकांच्या पाया पड. त्या दिसा ह्येंनी चाकात गवत भरून गाडी नेली, म्हणान तू आसस."

अंकिता वाकली. गुरुदासने पाय मागे घेतले. "नुको, मावशे," तो म्हणाला. म्हातारीला वाटले, केवढा हा माणसाचा विनय. तिने डोळे पुसले आणि त्याला आशीर्वाद दिला.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर वडिलांना माझा निरोप सांगा. निघण्याआधी डिकी उघडा आणि जादा चाकात हवा आहे का ते बघा. अडीअडचणीसाठी राखलेल्या वस्तूला दुसरे काम लावू नका, कितीही किफायतीचे दिसले तरी.

आणि आणखी एक. तुमच्यापैकी कोणी बांद्याकडच्या शाळेत जात असेल, आणि वर्गात अंकिता नावाची मुलगी असेल, तर मी सांगितलेले तिला सांगू नका. ते त्या दोघांनी सांगायचे आहे, आणि म्हातारी आता फार थकली आहे.