अस्वलाला कुणी उठवलं

चष्म्याच्या दुकानदाराने ही सहल ठरवली, तेव्हा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिची माहिती ऐकावी लागली. नंबर तपासायला बसलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. तो समोरची अक्षरं वाचत असायचा आणि हा भिंगं बदलता बदलता सांगायचा, की पांढरी अस्वलं बघायला जाणारे रग्गड, पण जबाबदारीने जाणारे थोडे. आम्हाला नेणारी सहल कंपनी अस्वलांना खाणं टाकून जवळ बोलावत नाही. एका अस्वलापाशी एका वेळी एकच गाडी. इंजिन बंद, तोंडं बंद. अस्वलाने आपली दखल घेतली, तर चूक आपली.

"आता आधीचं जास्त स्पष्ट की हे?" असं मध्येच विचारून तो पुन्हा अस्वलांवर यायचा.

जायचं होतं त्याला आणि बायकोला. पण निघायच्या तोंडावर बायको जिन्यावरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. जागा फुकट जाऊ नये म्हणून तोडगाही तिनेच काढला. "आईला घेऊन जा. जन्मभर ड्रायक्लीनिंगच्या दुकानात वाफेत उभी राहिली. जरा थंडी बघू दे तिला."

नाही कसं म्हणणार? तो हो म्हणाला, आणि प्रवासभर मनातून धुसफुसत राहिला. सासूबाईंच्या हातात काठी होती आणि तोंडाला उसंत नव्हती. शेजारच्या प्रवाशाच्या कोटावरचा डाग कशाचा आणि तो कशाने जाईल, हे त्यांनी त्याला न विचारता सांगितलं. मुक्कामी पोचल्यावर गाईडबाई सगळ्यांना नियम समजावत होती, तर यांनी हात वर केला. "लांब असलं तर हाक मारायची नाही का?"

सगळे हसले. सासूबाईही हसल्या. जावयाला मात्र कुठे तोंड लपवावं असं झालं. बैठक संपल्यावर तो गाईडबाईला गाठून म्हणाला, "त्यांना या गोष्टींची सवय नाही. मी लक्ष ठेवीन त्यांच्यावर."

"चांगलं विचारलं त्यांनी," गाईडबाई म्हणाली. "पुष्कळांच्या मनात तेच असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. गाडी बसएवढी लांब, चाकं छातीपर्यंत उंच, आणि मागच्या बाजूला लोखंडी कठड्याची उघडी गॅलरी. उजाड, करड्या जमिनीवरून गाडी डुलत चालली. आणि फार वाट बघावी लागली नाही. खुरट्या झुडपांच्या आडोशाला एक अस्वलीण झोपली होती, तिच्या पोटाशी दोन पिल्लं. इंजिन बंद झालं. सगळे पाऊल न वाजवता गॅलरीत आले.

"पांढरी कुठे आहे," सासूबाई जावयाच्या कानाशी कुजबुजल्या. "चांगली पिवळट आहे. नीळ घालायची राहिली."

"आई, शू."

त्या गप्प झाल्या. नंतर त्यांनी चकार शब्द काढला नाही.

त्याने कॅमेऱ्याला मोठी लेन्स चढवली. पण अस्वलिणीने तोंड पंज्याखाली घेतलं होतं. दिसत होती ती नुसती पाठ. बराच वेळ गेला. बोटं बधिर झाली. घरी फोटो क्लबातल्या मंडळींना तो आधीच सांगून आला होता, की या वर्षीच्या प्रदर्शनाची मोठी भिंत माझ्यासाठी ठेवा. गाईडबाईने मनगटावरचं घड्याळ बघितलं. मागे दुसरी गाडी आपली पाळी यायची वाट बघत उभी होती. आता निघायचं.

त्याने लेन्सची कड कठड्यावर दोनदा वाजवली. हलकेच. दुकानात मान खाली घालून बसलेल्या गिऱ्हाइकाने वर बघावं, म्हणून काउंटरवर वाजवायचा तशीच.

अस्वलिणीने डोकं उचललं आणि थेट त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बोटाने आपलं काम केलं. पण ती पुन्हा झोपली नाही. उभी राहिली, नाक वर करून हवा हुंगली आणि वळून चालू लागली. चालता चालता पळायला लागली. पिल्लं तिच्या मागे धडपडली. एक मागे पडलं, खड्ड्यात कोलमडलं, उठून पुन्हा पळालं. बघता बघता ती दिसेनाशी झाली. मागच्या गाडीच्या खिडक्यांत माणसं उभी होती. त्यांच्या वाट्याला मोकळी झुडपं आली.

"आवाज कुणी केला?" गाईडबाईने विचारलं. ती चिडली नव्हती, पण तिचा आवाज बदलला होता.

मग एकेक नजर सासूबाईंच्या काठीकडे वळली. सहलीत एक सुतार होता, बायकोबरोबर आलेला, अगदी सज्जन माणूस. त्याचीही नजर तिकडेच गेली.

सासूबाई जावयाच्या अगदी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे एकवार पाहिलं. त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यात डोळे घातले.

"माझी काठी लागली असेल कठड्याला," त्या म्हणाल्या.

गाईडबाईने त्यांना आत नेऊन शेजारी बसवलं आणि समजावून सांगितलं. समुद्र गोठेपर्यंत या अस्वलांना शिकार मिळत नाही. अंगावरच्या चरबीवर दिवस काढायचे, पिल्लांचं दूधही त्यातूनच. उगाच पळावं लागलं की तेवढं त्यातून कमी. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. "उद्या तुम्ही आतूनच बघा, आजी," गाईडबाई शेवटी म्हणाली. "नियम आहे. माझाही नाइलाज आहे."

हे सगळं त्याला दोन खुर्च्यांच्या अंतरावरून ऐकू येत होतं. तोंड उघडायचं होतं ते तेव्हाच. पण पहिला क्षण हुकला की दुसरा अवघड होतो आणि तिसरा त्याहून. जेवताना सगळ्यांनी फोटो मागितला. नाही म्हटलं तर संशय यायचा, म्हणून त्याने दाखवला.

"नशीबवान आहात," सुतार म्हणाला. "सरळ तुमच्या डोळ्यांत बघतेय."

"योग असतो एकेक," तो म्हणाला. समोर सासूबाई पाव मोडून सुपात बुडवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या दिवशी एक भलामोठा नर आपण होऊन गाडीपाशी आला. गॅलरीच्या जाळीच्या जमिनीखाली उभा राहून त्याने नाक वर केलं. त्याच्या श्वासाची वाफ सगळ्यांच्या बुटांना लागली. सुताराच्या बायकोने नवऱ्याचा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. चष्मेवाल्याने वळून दाराच्या काचेतून आत पाहिलं. सासूबाई बाजूच्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. श्वासाने काच धुरकट व्हायची, त्या बाहीने पुसायच्या. पण अस्वल मागच्या बाजूला होतं. तिथून ते दिसणं शक्यच नव्हतं.

त्याने फोटो काढला नाही. पण बोललाही नाही.

तो आत आला तेव्हा सासूबाईंनी सरकून जागा दिली. "केवढं होतं हो?"

"मोठं होतं."

"म्हणजे केवढं? नीट सांगा की."

मग त्याने सांगितलं. पंजा केवढा, नाक कसं काळं कुळकुळीत, मानेवर जुनी खूण कशी. त्या लहान मुलासारख्या ऐकत होत्या.

मुक्कामावर आल्यावर त्या हीटरपाशी मोजे वाळत घालत होत्या. तो दारात उभा राहिला. "आई, तुम्ही पाहिलं होतं."

"शेजारीच तर होते."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी मोज्याची सुरकुती हाताने सारखी केली. "लेकीला तुमच्याबरोबर जन्म काढायचाय, जावईबापू. तिला नवऱ्याची लाज वाटावी, असं मी कसं करू? मला काय, म्हातारीची काठी लागली, लोक विसरतील." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण मला वाटलं होतं, तुम्ही बोलाल. काल गाडी इथे येऊन थांबेपर्यंत वाट बघितली मी. आजही बघितली."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तो खोलीत गेला आणि बूटही न काढता पलंगावर बसून राहिला.

सकाळी नाश्त्याला सगळे जमले होते. तो उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने घोकून ठेवलं होतं, पण ऐन वेळी त्यातलं काही आठवेना. "कठडा मी वाजवला होता," तो म्हणाला. "फोटोसाठी. यांची काठी नव्हती."

चमचे थांबले. सुताराने त्याच्याकडे पाहिलं आणि मग आपल्या ताटलीकडे. सुताराची बायको उठली आणि सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. गाईडबाई एवढंच म्हणाली, "आज तुम्ही आत बसाल. आजी, तुम्ही गॅलरीत." शाबासकी नाही, दोष देणंही नाही. आपण खरं बोललो की काहीतरी हलकं होईल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

तो शेवटचा दिवस होता. धुकं उतरलं होतं आणि वारा सुटला होता. सासूबाई दोन कोट घालून, डोक्याला स्कार्फ गुंडाळून गॅलरीत उभ्या राहिल्या. बाकीचे गारठून आत आले, तरी त्या उभ्याच. गाडी फिरफिर फिरली. दोनदा एक फिकट ठिपका दिसला, दोन्ही वेळा तो दगड निघाला. अस्वल काही आलं नाही. परतीच्या वाटेवर त्या आत आल्या तेव्हा ओठ निळे पडले होते. त्याने थर्मासमधला चहा ओतून पुढे केला. त्यांनी घेतला.

"हवा छान होती," त्या म्हणाल्या.

निघायच्या आधी बायकोचा फोन आला. "आईने काठी आपटून अस्वल पळवलं म्हणे. परवा स्वतःच हसत सांगत होती. तू ओरडला नाहीस ना तिला?"

"आईंनी नाही पळवलं," तो म्हणाला. "मी पळवलं. आणि दोन दिवस त्यांच्या नावावर खपू दिलं."



"आईला दे फोन," ती म्हणाली.

त्याने फोन सासूबाईंच्या हातात दिला आणि त्यांची बॅग उचलून बाहेर जाऊन उभा राहिला.