ओट्याचं माप

सकाळी अकराला आणि संध्याकाळी आठला, दिवसातून दोनदा इंदूबाई साडी बदलून खानावळीत जेवायला जायची, त्याला सव्वीस दिवस झाले होते. नवऱ्याचं, मारोतरावांचं काय, बनियनवर सदरा चढवला की झाले तयार! पोरगा कपिल तर हाफ पँटवरच निघायचा. पण बाईमाणसानं कळंबच्या बसस्टँडपाशी, ओळखीच्या लोकांसमोर, घरच्या मळक्या साडीत जेवायला बसावं का? मग नेसा, विंचरा, दुखरे गुडघे ओढत चाला, आणि तिथं जाऊन खायचं काय, तर तेच तर्रीत बुडालेलं आलू-वांगं. पहिले चार दिवस तिला मजा वाटली, खोटं कशाला बोला. आयतं ताट समोर येतंय म्हणून हरखलीच होती. आता नुसता वासही नकोसा व्हायचा.

तरी ती सोसत होती, कारण घरी ओटा होत होता. तीस वर्षं तिनं खाली बसून स्वयंपाक केला आणि गुडघे घालवून बसली. डॉक्टरनं खाली बसणं बंद करायला सांगितलं, तेव्हा कुठे मारोतराव स्वयंपाकघर फोडायला राजी झाले. उभ्यानं चार पोळ्या लाटता याव्यात, एवढंच तिला हवं होतं.

सत्ताविसाव्या दिवशी दुपारी रामधन मिस्तरीनं ग्रॅनाईट पुसला, गॅस वर ठेवला नि म्हणाला, "घ्या काकू, चहा मांडा."

धूळ-सिमेंटमुळे इतके दिवस आत न फिरकलेली इंदूबाई हौसेनं पुढे झाली. ओटा तिच्या छातीला लागला. पातेल्याचा काठ पार हनुवटीपाशी आला, आतलं पाणी उकळतंय की नाही तेही दिसेना.

"रामधन, हे माप कोनाचं रे?"

"काकांचं," रामधन म्हणाला. "तुमी चतुर्थीले देवळात गेलत्या. मी इचारलं, ओट्याच्या उंचीले कोपराचं माप कोनाचं घेऊ? तं काकाच उभे राह्यले."

मारोतराव सहा फुटांचे, इंदूबाई त्यांच्या खांद्यालाही पुरत नव्हती. पण सही असो, फोटो असो, पुढे व्हायचं ते त्यांनीच. हात दुमडून त्यांनी कोपर दिलं आणि वर म्हणाले होते, "घर माह्यं, माप बी माह्यंच घे."

"त्यात काय एवढं!" आता ते म्हणाले. "पाट ठेवत जाय पायाखाली."

"पाटावर चढू? उकळत्या तेलापाशी? या गुडघ्यानं?"

"मंग तोडू ना, आई," कपिल म्हणाला. "पंधरा दिवस अजून खानावळीत जेवू."

पंधरा दिवस! इंदूबाई मटकन खुर्चीवर बसली आणि तिला रडूच कोसळलं. "थकली रे मी," ती म्हणत राहिली. "लय थकली." रामधन थापी-करणी गोळा करून निघून गेला.

आठ वाजले. मारोतरावांनी सदरा चढवला. "चाल वं, जेवाले."

"मी नाई येत."

"मंग सैंपाक?"

"ओटा तुमच्या मापाचा हाय नं? करा."

मारोतराव आधी हसले. मग ती हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी सदरा काढून ठेवला नि ओट्यापाशी उभे राहिले. काय बसला होता तो ओटा त्यांना! इंदूबाई खुर्चीवरून सांगत होती, मीठ घाला, पाणी जरा कमी, मळा अजून. कपिलनं कांदा-टमाटर चिरलं. पहिली पोळी धड गोल नाही, दुसरी फाटली. तिसरीला मारोतरावांच्या कपाळावरून घाम गळायला लागला आणि ते कंबर धरून उभे राहिले.

"कपिल, रामधनले फोन लाव," ते म्हणाले. "म्हन, उद्याच्या उद्या ये अन् तोड हे."

इंदूबाईच्या ताटात चौथी पोळी पडली होती. एका बाजूनं करपलेली, जाडजूड. पण तव्यावरून थेट आलेली. तिनं घास मोडला.

"ठेव तो फोन, कपिल," ती म्हणाली. "मले काई तोडाचं नाई. हाच ओटा राहू द्या."

आणि मारोतरावांकडे बघून तिनं ताट पुढे केलं. "वाढा अजून एक."