राजाचा उष्टा पेला

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पेला आहे, दोन कानांचा. आमच्या स्कॉटलंडात पाहुण्याला माझ्यासारख्याच पेल्यातून पाजतात. त्याचे दोन्ही हात गुंतले की कट्यारीकडे जात नाहीत. माझा जन्मच असा संशयापोटी झाला.

सुताराने पातळ पट्ट्या एकमेकींत बसवल्या आणि ओल्या फोकांनी करकचून आवळल्या. डिंकाचा एक थेंबही वापरला नाही.

मला राजाच्या हाती देण्याचा मान सर निनियन या सरदाराचा होता. आधी ते घोट घेत, मग राजा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघे, आणि काही होत नाही असे दिसले की मगच पिई. लोक उष्टे टाळतात. आमच्या राजाला उष्ट्याशिवाय चालत नसे. "हा पेला इमानी आहे," असे तो म्हणे. माणसाबद्दल असे तो कधी म्हणाला नाही.

पुढे सर निनियनचा धाकटा भाऊ शत्रूला जाऊन मिळाला. राजाने सरदाराला कामावरून काढले नाही, पण त्यांची लहानगी लेक ग्रिझेल किल्ल्यात ठेवून घेतली. "तुमच्या हातून काही वेडंवाकडं झालं, तर पोर आमच्याकडे आहे," एवढेच बोलला. मला कुणी विष फासेल म्हणून मलाही कुलपात टाकले. धगधगत्या चुलीमागच्या कपाटात मी महिनोन्‌महिने सुकत पडलो.

नाताळच्या मेजवानीला मला बाहेर काढले. सर निनियननी घोट घेतला, तोच माझ्या फटींतून लाल मद्य त्यांच्या बाहीवर ठिबकले.

"प्यायलाच नाहीस तू! बाहीत ओतलंस!" राजा ओरडला. पहारेकऱ्याने ग्रिझेलचा दंड धरला.

त्यांची बायको इसोबेल उठली आणि तिने मला सगळ्यांसमोर उंच धरले. थेंब पडतच होते.

"महाराज, पेला गळतोय, माझा नवरा नाही. लाकूड सुकवलंत तर दुसरं काय होणार?"

"आणि यात विष असलं तर?"

"तर सुटेन! याच्याशी संसार करून पुरती दमलेय मी."

तिने मला एका दमात रिकामा केला. राजा तिच्याकडे बघत राहिला. ताटातल्या बदकावरची चरबी थिजली.

"आणखी आहे का? की नुसतीच उभी ठेवणार?" इसोबेलने विचारले.

कुणीतरी फिस्सकन हसले. राजाही हसला, अर्धाच. "पोरीला घेऊन जा. हा गळका पेलाही न्या."

घरी मला पाण्यात भिजवले, फटी मिटल्या. सर निनियनची सवय मात्र मिटेना. बायकोने दिलेली ओटची पेजसुद्धा ते हुंगून बघत. "घातलंय हो घातलंय विष, मीठ तेवढं राहिलंय!" इसोबेल म्हणायची. ते हसायचे, आणि पुन्हा हुंगायचे.

एका सकाळी ग्रिझेलने माझ्यात दूध आणले. बाबांनी हात पुढे करायच्या आत तिने स्वतःच घोट घेतला, जराशी थांबली आणि तोंड उघडून दाखवले.

"बघा बाबा, मला काही झालं नाही. आता प्या."

सर निनियननी मला दोन्ही हातांनी धरले. त्यांनी हुंगले नाही. डोळे मिटून सगळे दूध पिऊन टाकले.

मित्रांनो, येणाऱ्याजाणाऱ्याकडे मी अजून संशयानेच बघतो. माझे वय झाले, मी आता बदलायचा नाही. मला अधूनमधून भिजवलेत, पुसलेत, तरी पुष्कळ. पण आपल्याच घरात, आपल्याच बापाला, लेकराने आधी पिऊन दाखवावे अशी वेळ कुणावर आणू नका.