घरबदल

दारातल्या टपालाच्या फटीवर ठोकलेली फळी जोबेदा पक्कडीनं उचकटत होती. खिळे खोल गेले होते.

"राहू दे की," जिन्यावरून गादी ओढत तिचा नवरा मोतलिब म्हणाला. "नव्या भाडेकऱ्यांना आपली आठवण."

"गोरे असतील तर त्यांना कशाला लागतेय? आणि आपल्यातले असले तर दारातच धडकी भरेल."

त्या फटीतून आधी घाण आली होती, मग पेटती चिंधी. अठ्ठ्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात पूर्व लंडनमध्ये बंगाल्यांच्या दारांना हे नवं नव्हतं. पण मग त्यांच्या शिरीनला कुणीतरी जिन्यात ढकललं. सात वर्षांची पोर, हात मोडला. पोलीस म्हणाले, पोरं खेळतात. शिवणयंत्रावरून मान वर न करणारा मोतलिब त्यानंतर रोज नगरपालिकेच्या दारात जाऊन बसू लागला. अखेर दुसरं घर मिळालं. आज सकाळपासून तो शीळ घालत होता.

फळी निघाली तोच बोचकं घेतलेली एक बाई वर आली. मागे नवरा, त्याच्या कडेवर मूल. त्यांची आपल्याच गावाकडची सिल्हेटी बोली ऐकून जोबेदानं फळी पाठीमागे धरली.

"या, या. चहा केला असता, पण भांडी गाडीत गेली."

"असू दे, आपा. मी दिलारा." बाईनं फटीभोवतीची भोकं बोटानं चाचपली. "तुम्ही कुठं निघालात?"

"मार्लो हाऊसला. कालव्यापलीकडे. शांत आहे म्हणतात."

दिलाराचं बोट थांबलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मुलाचं टोपडं सारखं करू लागला.

"आपा," ती हळूच म्हणाली, "आम्ही तिथूनच आलो."

खाली गाडीचा भोंगा वाजला. मोतलिब हाका मारत होता.

"चौथ्या मजल्यावर एक वयस्कर खाला राहतात, कोट शिवतात. काही झालं तर त्यांचं दार वाजवा. कधीही उघडतात." दिलारानं बोचकं उंबऱ्यात ठेवलं. "इथं कोण आहे?"

"इथं आम्हीच होतो."

जोबेदानं किल्ली तिच्या हातावर ठेवली. मग फळीही दिली.

गाडी सुरू झाली तसा मोतलिब खुशीत म्हणाला, "आपलीच माणसं निघाली की! कुठली गं?"

"गावाकडची, मौलवीबाजारची," जोबेदा म्हणाली, आणि काचेला नाक लावून बसलेल्या शिरीनला तिनं मांडीवर ओढून घेतलं.