इंजिन थांबल्यानंतरचे अर्धे मिनिट

मी एक जुनी फीत आहे. आवाज धरून ठेवणारी, तपकिरी रंगाची, पाव इंच रुंद आणि नऊशे फूट लांब. एका चकरीवर गुंडाळलेली मी शेलूबाजारच्या एका कापड दुकानात, पुठ्ठ्याच्या डब्यात राहते. डब्यावर जांभळ्या शाईने एकच शब्द लिहिला आहे : 'भरलेली'. मित्रांनो, या शब्दाचा मला फार अभिमान आहे. पुष्कळशा फिती भरतात, पुसल्या जातात आणि पुन्हा भरतात. मी एकदाच भरले.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लोखंडाच्या गंजाची बारीक भुकटी बसवली की माझ्यासारखी फीत तयार होते. म्हणजे मी मुळात गंजच. जो गंज इंजिनाला खातो, त्याच जातीचा. पण माझ्यावर बसलेला आवाज चुंबकाशिवाय कुणी काढू शकत नाही.

१९७३ साली जिनदासशेठनी मला टेपरेकॉर्डरसोबत अकोल्याहून आणले. शेठचे दुकान रस्त्याला लागून. बाजाराच्या दिवशी ते या टेपरेकॉर्डरच्या पेटीवर सिनेमाची गाणी लावत आणि गिऱ्हाईक थांबले की लुगडी उलगडून दाखवत. त्या गाण्यांच्या फिती वेगळ्या होत्या. मी कोरी होते, आणि वर्षभर कोरीच राहिले. कोरे असणे सुखाचे नसते, मित्रांनो. बाकीच्या फिती दुकानात येऊन गात आणि मी फळीवर डांबरगोळ्यांचा वास घेत बसून राही.

दुकानाच्या मागे पत्र्याची एक शेड होती. तिथे शेषराव मिस्त्री विहिरीवरची डिझेल इंजिने दुरुस्त करीत. लांबलांबची माणसे त्यांच्याकडे येत. त्यांची रीत अशी की ते आधी इंजिनाला हात लावतच नसत. लाकडी स्टुलावर बसून, डोळे मिटून नुसते ऐकत. मग म्हणत, "हे दमा लागल्यावानी करून राह्यलं," आणि नेमका तोच भाग उघडत. इंजिन बंद पडल्याचा निरोप आला की हातातला घास खाली ठेवून ते निघत. पंचक्रोशीत त्यांचे कौतुक होते ते याच गोष्टीसाठी.

आणि याच गोष्टीमुळे त्यांची एकुलती एक मुलगी प्रयाग त्यांच्याशी बोलत नव्हती.

ते असे झाले. एका पौष महिन्यात मिस्त्री कामरगावला रामरावांच्या विहिरीवर गेले होते. गहू ओंबीवर आलेला, आणि इंजिन बंद. इकडे त्यांची बायको सुंदरबाई तापाने फणफणली. सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप गेला. मिस्त्री म्हणाले, एवढे सुरू करतो आणि निघतो. दुपारच्या गाडीने दुसरा निरोप गेला. तेव्हाही पाना त्यांच्या हातातच होता. दिवस मावळायच्या आत इंजिन सुरू झाले, गव्हाला पाणी लागले. मिस्त्री घरी पोचले, तोवर सुंदरबाई गेल्या होत्या. प्रयागचे सासर आसेगावला. ती आईची तेरवी करून सासरी परतली आणि त्यानंतर बापाच्या दारात आली नाही.

मिस्त्री या गोष्टीबद्दल कुणाशी बोलले नाहीत. त्यांनी बेंजो काढला. टाइपरायटरसारखी बटणे असलेले हे तारांचे वाद्य ते तरुणपणी लग्नाच्या बँडपार्टीत वाजवीत. एका मोडक्या टेलिफोनमधले चुंबक काढून त्यांनी ते तारांखाली बसवले आणि वायर शेठच्या दुकानातल्या लाउडस्पीकरच्या कर्ण्याला जोडली. त्यातून निघणारा आवाज गोड नव्हता. पत्रा फाटावा तसा होता. तरी त्यांना तोच हवा होता.

एके दिवशी ते दुकानात आले.

"शेठ, तुमची पेटी पाऊण तास पायजे. गाणे भराचे हाय."

"किती गाणे?"

"नऊ. पण एकच हाय ते."

"नऊ का एक?" शेठ हसले. "एक ठरवा ना मिस्त्री. मी नऊ वाराचं लुगडं एक म्हणून इकतो, पण मोजतो तं नऊच."

"तसंच हाय," मिस्त्री म्हणाले. "लुगडंच समजा."

पेटी मागच्या शेडमध्ये नेऊन, कोणती दोन बटणे एकदम दाबायची ते शेठनी दाखवले आणि ते गिऱ्हाइकाकडे गेले. शेडमध्ये मिस्त्री एकटे राहिले. ताल धरायला तबलजी नव्हता. दारापाशी दुरुस्तीला आलेले एक इंजिन होते. तेच कामरगावच्या रामरावांचे इंजिन. मिस्त्रींनी त्यात मोजून डिझेल टाकले, हँडल मारले आणि त्याच्या ठोक्यावर गायला सुरुवात केली.

मित्रांनो, त्या पाऊण तासात माझ्या अंगावर जे उमटले, त्यात खोटे काही नाही. पहिल्या गाण्यात सुंदरबाई नवरी होऊन छकड्यातून उतरतात. चौथ्यात भांडण आहे : 'गोधडीले डिझलचा वास, तू भिंतीकडं तोंड केलं.' सहाव्यात मिस्त्रींचा आवाज फाटतो, ते खाकरतात आणि पुढे गातात. दुसऱ्या कुणी तेवढे पुसून पुन्हा भरले असते. त्यांनी बटणाला हात लावला नाही. आठव्या गाण्यात तो दिवस येतो : 'पयला निरोप आला, माह्या हाती पाना. दुसरा निरोप आला, पाना सुटेना.' हे त्यांनी कुणालाही सांगितले नव्हते. मला सांगितले.

नवव्या गाण्याला शब्द नाहीत. नुसता बेंजो आणि इंजिन. मग बेंजोही थांबतो. इंजिन काही वेळ एकटे चालते, डिझेल संपते आणि तेही थांबते. त्यानंतर माझ्यावर आणखी अर्धे मिनिट भरलेले आहे. ते काय आहे, ते पुढे सांगते. कारण ते ऐकण्यासाठी कुणी थांबलेच नाही.

मिस्त्रींनी मला शेठच्या हाती दिले. "हे प्रयागसाठी हाय," म्हणाले. "तिच्यापाशी पेटी नाही. तुमी जाल तं आयकवा."

शेठ सेलवर चालणारी पेटी मांडीवर घेऊन जीपने आसेगावला गेले. प्रयागने चहा ठेवला. पेटीकडे पाहिले.

"काका, तुमी पाहुणे म्हणून आले, चहा घ्या. पेटी नोका उघडू."

"अवं, बापानं तुह्यासाठी गाणे भरले. मायवर हायेत."

"इंजनाच्या आवाजात गायले, असं लोकं म्हणते."

"ताल हाय तो, बाई."

"आमच्या घरात तोच ताल होता," प्रयाग म्हणाली. "जेवतानी इंजन, झोपतानी इंजन. माय गेली तरी इंजन. तो आवाज मले नाही आयकाचा. साखर कमी तं नाही झाली?"

शेठनी चहा संपवला आणि मी डब्यातल्या डब्यात परत आले. मिस्त्रींनी विचारले नाही. शेठच्या हातात पेटी होती आणि चेहरा पडलेला होता, तेवढ्यावरून त्यांना कळले. म्हणाले, "मंग ज्याले आयकाचं त्याले आयकू द्या. आयकून आयकूनच दोष सापडते."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी दुपारी मी दुकानात वाजू लागले. मिस्त्री स्वतः कधी ऐकायला बसले नाहीत. ते मागे शेडमध्ये काम करीत राहत.

पहिल्या दिवशी लोक बुचकळ्यात पडले. लग्नात सनई वाजवणारा जगदेव शेवटपर्यंत वाट पाहत होता, पण नाचण्याजोगे गाणे काही येईना. "शेठ, हे मांडवात लावलं तं नवरी तिथूनच माहेरी जाईन," तो म्हणाला. भाजी विकणाऱ्या गोजराबाई पाटी उतरवून दाराशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माणसानं एवढं उघडं रडू नये बापा. आमी बायाईनं मंग काय करावं?" असे म्हणाल्या खऱ्या, पण पुढच्या बाजाराला पाटी घेऊन त्याच जागी हजर. "आज लावता का नाही?" म्हणून विचारू लागल्या.

हळूहळू माझे नाव झाले. कुणी म्हणे, गोधडीचे तेवढे लावा. शेठ मान हलवत. "तुकडा नाही भेटत. घ्याचं तं पूर्ण थान घ्या."

त्यांच्या पत्नी हीराबाई आतून म्हणत, "दिवसभर लोकाईले अर्धा अर्धा वार फाडून देता, अन् इथं थान धरून बसले."

एकदा सहाव्या गाण्यात मी तुटले. शेठनी कापडाच्याच कात्रीने माझी दोन्ही टोके तिरपी कापली आणि चिकटपट्टीने जोडली. त्यात एक हुंदका बोटभर कमी झाला. तेवढाच काय तो तोटा.

पण एक गोष्ट दर वेळी घडे. नववे गाणे येई, इंजिन एकटे चाले आणि थांबे. ते थांबले की दुकानातली सगळी माणसे उठत. शेतकरीच ती. इंजिन बंद पडल्याचे कानावर आले की त्यांचे पाय आपोआप विहिरीकडे वळत. कुणी चप्पल शोधी, कुणी "डिझल संपलं काय रे?" असे रस्त्याकडे तोंड करून विचारी. मग आपलीच चूक लक्षात येऊन हशा पिके. त्या गडबडीत शेठ 'झालं' म्हणून बटण बंद करीत. माझे शेवटचे अर्धे मिनिट चकरीवर तसेच राहून जाई.

एकदा खुद्द रामराव आले. पहिल्या गाण्यालाच त्यांनी मान वर केली. शेतकरी आपल्या बैलाची घंटा ओळखतो, तसेच आपले इंजिनही. "हे माहं हाय," ते म्हणाले. आठवे गाणे झाले तेव्हा त्यांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. "माह्या गव्हाले पाणी भेटलं," एवढेच म्हणाले आणि वाक्य सोडून दिले. डोळ्यांत पाणी होते. तरी इंजिन थांबले, आणि सगळ्यांत आधी तेच उठले.

पुढे बाजारात नव्या गाण्यांच्या फिती आल्या. माझी मागणी कमी झाली. शेठच्या एका नातलगाने घरच्या लग्नातली गाणी भरायला मला मागितले. शेठनी दौत घेतली आणि डब्यावर तो शब्द लिहिला. मग मी दोन वर्षे फळीवर राहिले. चकरीवर धूळ बसली, माझ्या कडा वळल्या. दुर्लक्षाचे मला दुःख नव्हते. जिच्यासाठी मी भरले गेले तिने मला ऐकले नाही, हे मात्र आत कुठेतरी घासत राही.

१९७८च्या चैत्रात शेषराव मिस्त्री गेले. स्टुलावर बसल्या बसल्या, एका इंजिनाचा आवाज ऐकत असताना. तेरवीनंतरच्या दुपारी प्रयाग शेडमधले सामान आवरायला आली. पाने एका पोत्यात भरले, बेंजो पुसून ठेवला. शेठ आणि हीराबाई दाराशी उभे होते. भेटायला आलेले रामरावही होते. सगळे आवरून झाल्यावर ती त्या स्टुलापाशी थांबली.

"काका, ती पेटी हाय काय?"

शेठ चमकले. "तुले तं तो आवाज..."

"नाही आवडत. पण आता बाबाचा आवाज दुसरीकडं कुठं हाय?"

शेठनी मला काढले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि पेटीवर चढवले. प्रयाग स्टुलावर बसली. मला भीती होती, मित्रांनो. माझ्या कडा वळल्या होत्या, जोड सुकला होता. पण मी एकाही शब्दाला अडखळले नाही. चौथ्या गाण्याला ती किंचित हसली. आठव्याला तिने दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले. सगळा वेळ इंजिनाचा ठोका चालू होता आणि ती दात आवळून तो सहन करीत होती.

नववे गाणे आले. बेंजो थांबला, इंजिन थांबले. रामराव सवयीने उठून दाराकडे गेले. शेठचा हात बटणाकडे गेला. प्रयागने तो वरच्या वर धरला.

"राहू द्या, काका. आता कुठं तो आवाज बंद झाला."

आयुष्यभर ज्या शांततेची ती वाट पाहत होती, तिच्यात ती बसून राहिली. म्हणून तिने ते ऐकले.

आधी स्टूल करकरले. माणूस अर्धवट उठल्यावर करकरते तसे. त्याच वेळी बाहेरून भाऊसिंग नावाच्या एका गिऱ्हाइकाची हाक : "मिस्त्री, इंजन बंद पडलं हो!" मग काही क्षण काहीच नाही. मग स्टूल पुन्हा करकरले. बसल्यावर करकरते तसे. आणि शेषराव मिस्त्रींचा हळू आवाज :

"पडू दे. मी इथंच बसतो."

पुढे त्यांचा श्वास आहे. माझे शेवटचे टोक येईपर्यंत तो ऐकू येतो.

टोक सुटून चकरीवर फटफटू लागले. कुणी ते थांबवले नाही. रामराव दारातून परत आले आणि जमिनीवरच बसले. प्रयागने स्टुलाच्या कडेवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "पयल्यापासून लावा, काका."

"इंजन पुन्हा येईन, बाई."

"येऊ द्या," ती म्हणाली.

मित्रांनो, आज मी त्याच डब्यात आहे. प्रयाग बाजाराला आली की मला काढते, उन्हापासून आणि कर्ण्याच्या चुंबकापासून दूर ठेवते, आणि ऐकून झाल्यावर सैल न पडू देता नीट गुंडाळते. तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर त्याला एवढेच हवे असते. आणि आणखी एक मागणे. कुणी आपले मन तुमच्यासमोर उघडत असेल आणि मध्येच गप्प झाले, तर संपले असे समजून चपला शोधू नका. जरा बसून राहा.