सकीनाच्या आडाचं पाणी

युद्ध संपलं त्या साली काष्टी गावात पटकीची साथ शिरली आणि सकीना पिंजारणीचं अर्धं घर घेऊन गेली. आधी नवरा जैनुद्दीन, पाठोपाठ मोठा मुलगा अजीज. राहिल्या त्या ती आणि सहा वर्षांची शहजादी. लोक म्हणत, बाई खंबीर आहे. कसली खंबीर! तिला काही वाटतच नव्हतं. कालवणात मीठ पडलंय की नाही, तेही जिभेला कळेनासं झालं होतं.

आड तिच्या अंगणातच होता. सगळी गल्ली त्यावर पाणी भरायची, गोजरबाईसारख्या कुणब्यांच्या बायकासुद्धा. आपापला दोर, आपापला पोहरा. पाण्याला जात नव्हती, पोहऱ्याला होती, आणि त्यावरून कधी तंटा झाला नव्हता. पण एकाच घरातून दोन मयतं निघाल्यावर आडाकडे कुणी फिरकेना. बायका ओढ्यावर जाऊ लागल्या. सकीना इद्दतीत, नवऱ्यामागे तिला अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणून गोजरबाईच तिच्या माठात ओढ्याचं पाणी आणून ओतायची. त्याच ओढ्यावर पटकीच्या रोग्यांची अंथरुणं धुतली जात होती. म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात! पण भ्यालेल्या माणसाला सांगायचं कुणी?

मग लोकल बोर्डाचा कानिफनाथ औषध घेऊन आला. सकीना दाराआडून बघत होती. त्याने पांढरी भुकटी बादलीत कालवली, तिच्यातला चुना खाली बसू दिला, वरचं निवळ पाणी आडात सोडलं आणि पोहरा वरखाली करून सगळं घुसळून काढलं. नाकाला झोंबणारा वास अंगणभर पसरला.

"आज कुनी शेंदू नका," तो म्हणाला. "उद्या खुशाल प्या. वास आला तर भिऊ नका. वास हाय तवर औषध हाय."

एवढं बोलून तो सायकलवर टांग टाकून पुढच्या गावाला गेला. त्याचं काय जातंय!

दुसऱ्या दिवशी बायका अंगणात जमल्या, पण दोर कुणीच सोडेना.

"औषध हाय का इख हाय, कुनाला ठावं?" गोजरबाई म्हणाली.

सकीना बाहेर आली. तिने पोहरा सोडला, वर ओढला, तांब्या भरला आणि सगळ्यांदेखत गटागटा प्यायली.

तरी कुणी हललं नाही. गोजरबाईचा आवाज खाली आला. "राग धरू नगं, सकीना. पन तुझं पिनं कशात धरायचं? तुला जगायचंच कुठं हाय?"

सकीनाला रागही आला नाही. बाई खरं तेच बोलली होती. इख असतं तरी ती अशीच प्यायली असती.

तेवढ्यात शहजादी उन्हातून धावत आली. "अम्मा, पानी."

'दे' असं कुणी म्हटलं नाही, पण सगळ्यांचे डोळे पोरीवर खिळले. सकीनाने तांब्या भरला, पुढे केला आणि तिचा हात मध्येच थांबला. पाणी डुचमळून तिच्याच पायावर सांडलं. छाती धडधडू लागली. नवऱ्याचा जनाजा उचलला तेव्हासुद्धा ती अशी धडधडली नव्हती. कानिफनाथ खोटं बोलला असेल तर? ही गेली तर? पण हात मागे घेतला, तर या सगळ्यांची पोरं ओढ्याचंच पाणी पिणार. आणि ही तरी दुसरं काय पिणार?

"घे," ती म्हणाली.

शहजादीने तांब्या रिकामा केला, वासाने नाक मुरडलं आणि तांब्या पुन्हा पुढे केला. "अजून."

गोजरबाईने दोर सोडला. मग दुसरीने. हळूहळू आडाभोवती नेहमीची गर्दी झाली.

सकीना मात्र पोरीला मांडीत घेऊन ओट्यावर बसली. घडीघडी तिच्या पोटावर हात ठेवी, कपाळ चाचपी. शहजादी कंटाळून सुटायला धडपडली, तर हिने तिला आणखीच घट्ट धरलं. ती घाबरली होती, पार घाबरली होती. आणि त्या भीतीतच तिला अजीज दिसला. शेवटी त्यानेही पाणीच मागितलं होतं, आणि तिने आपल्या हाताने त्याला याच आडाचं पाजलं होतं.

गल्लीने तिचा हंबरडा तेव्हा पहिल्यांदा ऐकला.